हाडात वाजलेली परात

सारिका दुकानात आली की चप्पल दाराबाहेर काढायची आणि मशीनवर बसायच्या आधी भिंतीला तळहात लावून उभी राहायची. तापलेल्या लेकराच्या पाठीवर हात ठेवून आई थांबते, तशी. मग मान हलवून कामाला बसायची. दौंडात रेल्वेलाइनीच्या कडेला माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. सुरुवातीला मला वाटलं, बाईला भिंतीची ओल बघायची खोड असेल. एकदा हात लावल्या लावल्या तिनं दोन्ही मुठींनी चाकं फिरवल्यासारखं केलं आणि माझ्याकडं भुवया उंचावून पाहिलं. मला काही कळेना. थोड्या वेळानं मालगाडीचा धडधडाट सुरू झाला आणि मग डोक्यात उजेड पडला. गाडी तिला भिंतीतून कळत होती.

सारिका जन्मापासून बहिरी. माहेर शिरूर तालुक्यातलं, घोड नदीच्या काठचं. सासर माझ्या शेजारचं घर. तिचा नवरा दत्ता कुरकुंभच्या एका कंपनीत शिफ्टला जातो. तो लहानपणापासून एका पायानं अधू. जमवणाऱ्यांनी एकाचा पाय उणा, एकीचे कान उणे, म्हणून दोघांची गाठ घालून दिली. लोकांची ही बेरीज मला कधी पटली नाही, पण जोडा मात्र झकास निघाला. सासू हौसाबाई विधवा, तोंडानं फटकळ, कपाळावर गोंदण. त्यांनीच सुनेला माझ्याकडं आणून बसवलं. "शोभा, हिला फॉल-पिको शिकीव. घरात बसून नुसती माझ्या तोंडाकडं बघत ऱ्हाती, मला वंगाळ वाटतं."

आता मी पडले बोलघेवडी. गिऱ्हाईक मापाला हात वर करतं तेवढ्या वेळात मी त्याच्या माहेरासासरची चौकशी उरकून घेते. अशा बाईच्या दुकानात बहिरी मुलगी आली म्हणताना गल्लीत चेष्टा झाली. मोठ्यानं बोललं की बहिऱ्याला कळतं हा आपल्याकडचा पक्का समज. मीही ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. शेवटी तिनं माझ्या गळ्यावर हात ठेवला, तो केवढा थरथरतोय हे बघून तोंड वाकडं केलं, आणि माझे ओठ दोन बोटांनी मिटवून टाकले. त्या दिवसापासून मी हातांनी बोलायला शिकले. आता तिचं बोलणं मी इथं माझ्या शब्दांत लिहिते आहे. हातांचा झपाटा आणि चेहऱ्यावरचे भाव कागदावर आणणं माझ्या बुद्धीबाहेरचं आहे.

तिच्या भाषेत प्रत्येकाला नाव होतं आणि ते तिनंच ठेवलेलं असायचं. हौसाबाई म्हणजे कपाळावर टेकवलेला अंगठा. दत्ता म्हणजे दोन बोटांची लंगडी चाल. मी म्हणजे उघडझाप करणारी चोच. मला राग आला. "दत्ताला लंगडा म्हणतेस, मला चोच म्हणतेस, लाज नाही वाटत?" असं विचारलं तर ती चकित झाली. "लाज कसली? तू लांबून येताना मला चोचच आधी दिसते."

मशीनवर ती डावा हात पाटावर सपाट ठेवून बसायची. सुई बोथट झाली, धागा अडकला, की तिला हातालाच कळायचं. समोर दोऱ्यांच्या रिळांना मोबाइल टेकवून ठेवलेला. काम संपलं की मूकबधिर शाळेतल्या मैत्रिणींना व्हिडिओ कॉल. दोन बायका दोन्ही हातांनी भांडत असल्या की बघायला माणसं थांबायची. मी कुरकुरायचे, "पोरींनो, हळू बोला," आणि ती हसायची.

तिचे प्रश्न मात्र मला घाम फोडायचे. "ऊन येताना आवाज होतो?" नाही. "अगरबत्तीच्या धुराचा?" नाही. "मुंगीचा?" मला काय ठाऊक! "तेल तापलं की?" होतो. "सावलीचा?" नाही गं बाई. ती नवलानं बघत राहायची. लहानपणी तिला वाटायचं, सूर्य उगवताना मोठा आवाज होत असणार, नाहीतर घरातले सगळे एकदम कसे उठतात? आणि बोलणं म्हणजे तिला चघळणं वाटायचं. घरातले सगळे सारखं काहीतरी चघळतात, तोंडात तर काहीच नसतं. "भाऊ आईसमोर तोंड हलवायचा, आई उठून पाणी द्यायची. मग मीपण आईसमोर उभी राहून तोंड हलवलं. पाणी नाही आलं. अजून जोरात हलवलं. आई हसली. पाणी नाही आलं." हे ती हसत हसत सांगत होती. मला मात्र पुढं कापड कापवेना.

सारिकाला दिवस गेले तेव्हापासून हौसाबाईंची झोप उडाली. माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून त्या एकच घोकायच्या. "मुकी सून म्या केली, माझं काई म्हननं न्हाई. पर लेकरू बोलकं पायजे गं शोभा. लोकं म्हनतील, हौसाबायनं जानूनबुजून वंश मुका केला." गावाकडच्या देवीला त्यांनी नवस बोलला. लेकराला ऐकू आलं तर साडीचोळी आणि सगळ्या भावकीला पुरणपोळीचं जेवण. हे सगळं त्या सारिकासमोरच बोलायच्या. बहिऱ्या माणसासमोर काहीही बोललं तरी चालतं, हाही आपल्याकडचा एक समज. सारिका सुईत दोरा ओवत असायची आणि तिच्या मानेची शीर ताठ झालेली मला दिसायची.

बाळंतपण माहेरी झालं. मुलगी झाली. हनुवटीला खळी, सारिकानं हनुवटीवर बोट टेकवून तिचं नाव ठेवलं. कागदोपत्री ईश्वरी. मान धरायला लागली तशी मायलेकी दौंडला आल्या, आणि आल्या त्याच सकाळी हौसाबाईंनी मला हाक मारली. "शोभा, ये. परात वाजवायची हाय."

लेकराला ऐकू येतं का हे बघायची आमच्याकडची ही जुनी रीत. लोखंडी पलंगावर पोरीला निजवलं होतं, तोंड खिडकीकडं. दत्ता दाराशी उभा. सारिका पलंगाच्या पायथ्याशी, दांडीला हात धरून. हौसाबाईंनी डोळे मिटून देवीचं नाव घेतलं. पितळेची जड परात, एका हातात पेलवेना, म्हणून तिची कड पलंगाच्या डोक्याकडच्या दांडीवर टेकवली आणि लाटण्याचा दणका दिला.

पोर दचकली. हातपाय ताणले आणि मान आवाजाकडं वळवली.

"ऐकतीया! माझी नात ऐकतीया!" हौसाबाई रडायलाच लागल्या. दत्तानं आईला मिठी मारली. मीसुद्धा टाळ्या पिटल्या. या आनंदात सारिकाकडं कुणाचं लक्ष नव्हतं. तिनं दांडीवरचा हात काढून घेतला होता आणि ती तळहाताकडं बघत होती. मग तिनं पोरीला उचलून कडेवर घेतलं, पलंगापासून लांब, खोलीच्या मध्यावर जाऊन उभी राहिली आणि सासूला खूण केली. "परत वाजवा."

"येडी का खुळी! देवीनं येकदा कौल दिला, आता तिलाच पुन्ना पुन्ना इचारायचं व्हय?" हौसाबाईंनी परात फडताळात ठेवली आणि नवस फेडायचा दिवस ठरवायला बसल्या.

दुसऱ्या दिवशी सारिका पोरीला घेऊन दुकानात आली. भिंतीला हात न लावताच. आढ्याच्या कडीला तिनं साडीची झोळी बांधली, पोरीला त्यात घातलं आणि झोळी हलायची थांबेपर्यंत वाट पाहिली. माझ्या हातात स्टीलचं ताट दिलं. मी पोरीच्या पाठीमागं जायचं, ताट हातातच धरायचं, कशाला टेकवायचं नाही. ती स्वतः पोरीसमोर न बसता माझ्यासमोर बसली.

मी ताट वाजवलं. पुन्हा वाजवलं. मग कानठळ्या बसतील असं बडवलं. शेजारचा किराणावाला "काय झालं?" म्हणून डोकावून गेला. झोळीतली पोर मूठ चोखत वर आढ्याकडं बघत होती. मला वाटलं, पोर रमली असेल. मला वाटलं, ती माझ्या आवाजाला सरावली असेल. असं खूप काही मी मनात जुळवत होते. पण सारिका माझा चेहरा वाचत होती, आणि चेहऱ्यानं खोटं बोलायची कला मला कधी साधली नाही.

"नाही ना?" तिनं विचारलं.

मी मान हलवली. तिनं खाली बसून फरशीवर तळहात ठेवला आणि दुसऱ्या हातानं पलंग, दांडी, परात अशी सगळी खूण करून दाखवली. पोर दचकली ती दांडीतून अंगात शिरलेल्या हादऱ्यानं. तोच हादरा सारिकाच्या हातालाही बसला होता.

पुढचे दिवस त्या घरात वीज पडायच्या आधीसारखे गेले. सारिकाचं एकच म्हणणं: पुण्याला जाऊन कान तपासायचे, आत्ताच. हौसाबाईंचं एकच: कौल मिळाला आहे, देवीवर अविश्वास दाखवायचा नाही. दत्ता दोघींच्या मध्ये. शिफ्ट सुटली की घरी जायच्या ऐवजी माझ्या पायरीवर बसायचा. "शोभाताई, परात वाजली तवा वळली की वो ती. म्या सोता बघितलं." मी झोळीतलं सांगितलं तर डोकं धरून बसला. "मंग आईला कसं सांगू? तिनं भावकीला निरोप दिल्यात." शेजारपाजारच्या बायका तर उघडच म्हणायला लागल्या, मुकीला सोबत पाहिजे म्हणून पोरीला मुकी ठरवायला निघाली आहे. हे त्या ओठ न लपवता म्हणायच्या. सारिकाला ओठांवरचे सगळे शब्द कळत नसत. पण हा शब्द तिला लहानपणापासून पाठ होता.

नवसाच्या आदल्या दिवशी मी ब्लाउज द्यायला गेले. घरात पुरणाचा वास, आणि पलंगावर देवीची नवी हिरवी साडी. सारिका जुन्याच साडीत, पोरीला छातीशी धरून कोपऱ्यात उभी. "आधी पुणे, मग देवी," एवढंच ती पुन्हा पुन्हा करत होती. हौसाबाईंचा चेहरा लाल झालेला. "हिला म्हनावं, उद्या येनार नसशील तर पोर दे हितं आन् तू जा तुज्या म्हायेरी!" पोर घ्यायला त्या पुढं झाल्या. सारिका मागं सरली आणि भिंतीला टेकली. दत्ता पुतळ्यासारखा. मला क्षणभर खरंच वाटलं की ही पोर आता आईपासून तुटते.

सारिकानं पोर माझ्या हातात दिली. तिला हात मोकळे हवे होते. मला म्हणाली, "चोच, सगळं सांग. काही गाळू नको."

मग ती बोलत गेली आणि मी तोंडानं सांगत गेले. "माझ्यासाठी पण परात वाजवली होती. पुढं भावानं सांगितलं. जमिनीवर बसवून, जमिनीवर परात ठेवून. मी वळले. सगळे म्हणाले, ऐकू येतं. मग आईनं हाक मारली, मी आले नाही. बापानं हाक मारली, मी आले नाही. सगळे म्हणाले, ऐकू येतं, मुद्दाम करते, हट्टी आहे. बापानं मारलं. रोज हाक, रोज मार. हाक म्हणजे काय हेच मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, बाप असाच असतो. शेतातून येतो, हातपाय धुतो, मारतो." तिनं बाही वर करून कोपराची जुनी खूण दाखवली. "शाळेत टाकलं तेव्हा मी मोठी झाले होते. तोवर मला एकसुद्धा शब्द नव्हता. आईलासुद्धा नाव नव्हतं."

माझ्या तोंडून "मला मारलं, मला मारलं" असं बाहेर पडत होतं आणि माझाच आवाज फुटला होता.

हौसाबाई जागच्या जागी थांबल्या. "पर माझ्या नातीला कोन मारनार हाय? आमी काय राक्षेस हाओत व्हय?"

सारिकानं उत्तर दिलं, "माझा बापपण वाईट नव्हता."

मग सारिका पुढं झाली, सासूचा दंड धरून तिला पलंगावर बसवलं, दोन्ही हात दांडीवर ठेवले आणि डोळे मिटायची खूण केली. स्वतः मागं उभी राहून तिचे दोन्ही कान तळहातांनी घट्ट दाबले. दत्ताकडं बघून मानेनंच परातीकडं खूण केली. दत्तानं फडताळातून परात काढली, लंगडत पलंगाच्या उशाशी गेला, कड दांडीला टेकवली आणि लाटणं हाणलं.

हौसाबाई ताडकन उठल्या. मान परातीकडं वळलेली, अगदी नातीसारखी. किती तरी वेळ त्या आपल्या तळहातांकडं बघत राहिल्या.

"कान तर झाकलं व्हतं," त्या म्हणाल्या. "हाडात वाजलं गं."

मग त्यांनी देवीची साडी घडी करून ट्रंकेत ठेवली. दत्तानं विचारलं, "आई, उद्याचं कसं?" तर त्याच्यावरच खेकसल्या. "देवीला म्या सांगते. ती काय पळून जाती व्हय? पुन्याच्या गाडीचं बघ."

पुण्याला आम्ही सगळेच गेलो. तपासणीसाठी पोर झोपलेली हवी होती. झोपेत डोक्याला वायरी लावून बघतात. आणि पोर काही केल्या झोपेना. बाहेर पुढच्या लेकराची आई खोळंबलेली, तपासणाऱ्या बाई घड्याळ बघत होत्या. हौसाबाईंनी नातीला मांडीवर घेऊन अंगाई सुरू केली आणि मध्येच गप्प झाल्या. आपण कुणासाठी गातोय हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. सारिकानं पोर उचलून त्यांच्या छातीशी उभी धरली, पोरीचा गाल गळ्याखाली टेकवला आणि खूण केली, "गा. असं धरून गा." हौसाबाई गायल्या. आवाज कापत होता. पोरीचे डोळे हळूहळू मिटले आणि आजीच्या छातीवर ती गाढ झोपली. मला अजूनही गाणं म्हटलं की तेच आठवतं.

निकाल आम्हाला ठाऊक होता तोच आला. दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच नाही. हौसाबाईंनी पदर तोंडात कोंबला. दत्ता जिन्यात जाऊन उभा राहिला. सारिकाचे डोळे कोरडे होते. तिनं मला पुढं ढकललं, "विचार, आता काय करायचं?" त्या बाईंनी सांगितलं, लवकर आणलंत, बरं केलंत. कानाला यंत्र लावू, पुढं शस्त्रक्रियेचं बघू, रोज शिकवायला आणावं लागेल. सारिकानं लक्ष देऊन ऐकलं. हो, ऐकलं असंच मी म्हणेन. मग म्हणाली, "यंत्र द्या. हातांचं मी बघते. हिला दोन्हीकडून शब्द मिळू देत. मला एकीकडूनही मिळाले नव्हते."

वर्षाच्या आत ते तिघं पुण्याला गेले. दत्तानं तिकडं काम धरलं. निघायच्या दिवशी सारिका दुकानात आली, चप्पल काढली, भिंतीला हात लावला. लाइनीवर गाडी नव्हती. तरी ती हात लावून उभी राहिली आणि मीही तिच्या शेजारी हात लावला. मला काही कळलं नाही. भिंत थोडी गार होती एवढंच. तिची मशीन मी अजून कुणाला दिलेली नाही. गिऱ्हाइकं विचारतात, मी मोटर बिघडल्याचं सांगते.

हौसाबाई एकट्या राहतात. संध्याकाळी माझ्या दुकानात येऊन मोबाइल दोऱ्याच्या रिळांना टेकवतात आणि पुण्याला व्हिडिओ कॉल लावतात. बोटं संधिवातानं वाकडी, खुणा अर्ध्या चुकतात, नात खदखदा हसते. तिच्या कानामागं यंत्र असतं, एखाददुसरा तोंडचा शब्दही येतो, पण घाईत असली की हातच आधी बोलतात.

परवाची गोष्ट. कॉल चालू होता. ईश्वरी खेळून आलेली, घामाघूम. तिनं आजीकडं बघून अंगठा ओठांना लावला आणि मान मागं टाकली. पाणी.

हौसाबाई लगेच उठल्या. गुडघ्यावर हात देत माझ्या माठापाशी गेल्या, ग्लास भरला, बाहेरून पुसला आणि लगबगीनं येऊन मोबाइलसमोर धरला. "घे, बाय."

मी तोंड उघडलं. मावशी, ती पुण्यात आहे, असं सांगणार होते. तेवढ्यात मोबाइलमध्ये, पोरीच्या मागं, सारिका दिसली. ती त्या ग्लासाकडं बघत होती आणि तिचे गाल ओले होते. तिनं माझ्याकडं बघून बोटांची चोच केली आणि अलगद मिटवली.

मी गप्प बसले.